हरण्याची नोकरी

दाजी पोतनिसांना बुद्धिबळात हरवणारा माणूस म्हणून मी एके काळी धारमध्ये आठवडाभर फार ताठ मानेनं हिंडलो. तेव्हा मी पंचविशीत होतो, डोक्यावर केस होते आणि त्या केसांखाली बरंच काही आहे असा माझा समज होता. तो समज पक्का करणारा पहिला माणूस म्हणजे दाजी.

संस्थानं विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. महाराजांची दफ्तरं मोडून सरकारची दफ्तरं मांडणं चाललं होतं आणि माणसं टेबलांसारखी इकडून तिकडे हलवली जात होती. आमचं दफ्तर जमीनमोजणीचं. धार आणि देवास दोन्हीकडचा कारभार एकाच साहेबाच्या हाताखाली. एके सकाळी देवासहून एक गृहस्थ हजर झाले. पन्नाशी उलटलेली, अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर जुन्या वळणाची पगडी. दारात जोडे काढून त्यांनी आत पाऊल टाकलं आणि दफ्तराला वाकून मुजरा केला. दफ्तरात त्या वेळी मी आणि रामरतन चपराशी, एवढेच होतो. मुजरा घ्यायची सवय दोघांनाही नव्हती. रामरतन घाईनं उठला आणि त्यानंही उलट मुजरा ठोकला. मग दाजींनी पुन्हा केला. मी मध्ये पडलो नसतो तर दोघं संध्याकाळपर्यंत वाकत राहिले असते.

मधल्या सुट्टीत त्यांनी पिशवीतून कापडी पट काढला. लाखेच्या रंगाची लाकडी मोहरी काढली. मला उजेडाकडे पाठ करून बसवलं, म्हणजे डोळ्यांवर तिरीप येऊ नये. आधी माझी मोहरी मांडली, मग स्वतःची. आणि हात जोडून म्हणाले, "आपली चाल."

मी जिंकलो. दुसऱ्या दिवशीही जिंकलो. तिसऱ्या दिवशी तर मी त्यांचा वजीर असा काही मारला की माझं मलाच कौतुक वाटलं. दाजींनी कपाळावर हात मारला, पगडी काढून मांडीवर ठेवली आणि खोल आवाजात म्हणाले, "हे मला दिसलं नव्हतं हो!" तो वजीर मी मुंजसागर तलावावर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला. मोहरी जवळ नसतील तर शेवेचे तुकडे आणि शेंगदाणे मांडून सांगितला.

आठवडा संपताना रामरतन पाण्याचा पेला ठेवता ठेवता सहज म्हणाला, "दाजी के तो म्हने भी हरई दियो, भिया."

दाजींना हरवणारा हा रामरतन खेळ शिकला होता त्याच मंगळवारी. घोडा अडीच घरं जातो हे त्याला पटलेलं होतं, पण उंट तिरका का जातो याबद्दल त्याची तक्रार होती. मग चौकशी केली. आमचे मुख्य कारकून बडेबाबू जिंकले होते. नकाशे काढणारा मुलाणी जिंकला होता. समोरचा पोहेवाला जिंकला होता, आणि त्याच्याकडेही सांगायला एक वजीर होता.

मी दाजींना गाठलं आणि सरळ विचारलं. ते लाजले. एखाद्या गवयाला चोरून गाताना पकडावं तसे लाजले. मग म्हणाले, "सवय आहे हो. नोकरीच ती होती."

देवासात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यातल्या एका पातीच्या कुणा सरदारांकडे दाजी वीस-बावीस वर्षं होते. कागदावर कारकून, प्रत्यक्षात काम एकच. रोज तिसऱ्या प्रहरी सरदारसाहेबांसमोर पट मांडून बसायचं आणि हरायचं. तेही असं, की सरदारांना, त्यांच्या पाहुण्यांना, दारातल्या हुजऱ्याला, कुणालाही संशय येता कामा नये.

"तुम्हाला वाटतं हरणं सोपं," दाजी म्हणाले. "जिंकायला आपला डाव कळला की पुरे. हरायला दोघांचेही कळावे लागतात." मग रंगात येऊन त्यांनी मला तो सगळा हुन्नर सांगितला. मानी माणसाला वजीर मारू द्यावा, कारण तो घरी जाऊन वजिराचंच सांगतो. (इथं ते माझ्याकडे न बघता बोलले, एवढी त्यांची सभ्यता.) भित्र्या माणसाला शेवटपर्यंत आपण बुडालो असं वाटू द्यावं आणि मग हात देऊन वर काढावं. सरदारसाहेबांना प्याद्यानं मात करायची हौस. त्यांचं एक प्यादं पुढं सरकवत न्यायचं, त्याला आपल्याच मोहऱ्यांतून वाट करून द्यायची आणि वर धडपड केल्याचं दाखवायचं. "पोरीला सासरी पोचवावं तसं ते प्यादं मी पोचवत असे."

त्यांच्या आधी त्या जागेवर एक शास्त्रीबुवा होते. एका दुपारी शास्त्रीबुवांच्या हातून चूक झाली. ते जिंकले. सरदार हसले, विडा दिला. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं नाही. घरी येणारं धान्य थांबलं. शास्त्रीबुवा पुढं उज्जैनला घाटावर, सदावर्ताच्या पंगतीत बसलेले दाजींनी स्वतः पाहिले होते. "त्या दिवशी ठरवलं," दाजी म्हणाले, "मात डोळ्यांना दिसली तरी हाताला दिसता कामा नये."

आता अशा माणसाला बुद्धिबळाविषयी कडवटपणा असावा की नाही? छे! बुद्धिबळाच्या फायद्यांवर दाजी बोलायला लागले की वैद्यानं च्यवनप्राश विकावा तसं बोलत. राग येतो? बुद्धिबळ खेळा. झोप येत नाही? खेळा. सासूशी पटत नाही? सासूला शिकवा. एका गणेशोत्सवात आम्ही त्यांचं यावर व्याख्यानच ठेवलं. दाजी उभे राहिले, गणपतीला मुजरा केला, अध्यक्षांना केला, पेट्रोमॅक्सला केला, आणि सुरू झाले. या खेळानं माणूस बसायला शिकतो. गप्प राहायला शिकतो. समोरच्याच्या जागी मनानं जाऊन बसायला शिकतो, आणि एवढं ज्याला जमलं त्याचं जगात भांडण होत नाही. शिवाय डाव लांबला की माणूस जेवायचं विसरतो, त्यामुळे पोट साफ राहतं.

मागून एका वकिलानं विचारलं, "पण दाजी, तुम्हाला स्वतःला काय फायदा झाला?"

दाजी म्हणाले, "मला नोकरी लागली."

मंडप हसला. बायकांच्या बाजूनं सगळ्यांत मोठं हसू आलं ते वहिनींचं, म्हणजे दाजींच्या पत्नीचं. हसता हसता त्यांना खोकला लागला. तो थांबेना. दोघी बायकांनी त्यांना धरून बाहेर नेलं. दाजींनी पुढचं व्याख्यान उभ्या उभ्या आटोपलं.

वहिनी अंगानं काडी आणि जिभेनं तलवार. मूलबाळ नव्हतं. दाजींनी लग्नानंतर लगेच त्यांना बुद्धिबळ शिकवलं होतं आणि अर्थातच तेव्हापासून ते त्यांच्याशी हरत आले होते. मी गेलो की वहिनी पोह्यांची बशी पुढं सरकवत म्हणत, "भावजी, नवऱ्याला रोज हरवणारी बायको तुम्ही दुसरी पाहिलीत का? आता जिंकायचा कंटाळा आलाय मला. ह्या माणसाला कुणीतरी जिंकायला शिकवा."

"येतं हो जिंकायला," दाजी पुटपुटत.

"मग दाखवा की."

दाजी दाखवत नसत.

तो खोकला क्षयाचा निघाला. धारचे डॉक्टर भले होते. नव्यानं निघालेली सुई ते इंदूरहून मागवत आणि एक दिवसाआड घरी येऊन टोचत. "हे मध्ये तुटता कामा नये," त्यांनी माझ्यादेखत दाजींना बजावलं. "तुटलं तर मग मला काही बोलू नका." चार महिन्यांत वहिनींचा ताप उतरला. गालांवर जरा मांस दिसायला लागलं. जीभ तर कधी उतरलीच नव्हती.

आणि तेवढ्यात दाजींच्या बदलीचा हुकूम आला. उदयनगर.

आज तिकडं मोटार जाते. तेव्हा सागाच्या जंगलातून बैलगाडीनं जायचं, आणि तेही पाऊस नसेल तर. मोजणीची एक चौकी, पाच-पन्नास झोपड्या, एक आठवडी बाजार. डॉक्टर म्हणाल तर बागली या तालुक्याच्या गावाअलीकडे नाही. दाजींनी बदली रद्द करण्याचा अर्ज केला. अर्ज साहेबांकडे गेला आणि तिथंच बसला.

आमचे साहेब परमुलखातले, एकटे, कोरडे, कामाला वाघ. बुद्धिबळाचा त्यांना नाद होता आणि त्यातून मनस्ताप होता. कारण हाताखालचा जो माणूस खेळायला बसे तो त्यांना जिंकवी. हे त्यांना कळत असे आणि त्यानं ते संतापत. एका ओव्हरसियरनं असंच हरून दाखवलं तर त्याला त्यांनी पटावरूनच उठवून घरी पाठवलं होतं. देवासचा कुणी दरबारी खेळाडू आपल्या दफ्तरात आहे हे त्यांच्या कानावर गेलं, आणि रविवारी दुपारी दाजींना बंगल्यावर बोलावणं आलं. काही नकाशांवर सह्या घ्यायच्या म्हणून मलाही.

बडेबाबूंचा सल्ला ठरलेला होता. साहेब म्हणजे साहेब, गोडीनं हरा आणि अर्जाचं नाव काढा. मी उलट सांगितलं, की हा साहेब तसला नाही, जिंका. दाजी दोघांकडे बघून मान हलवत राहिले. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या, त्यांनी दाजींच्या कोटाचं बटण लावलं आणि म्हणाल्या, "समोर मी बसलेय असं समजू नका हं आज."

बंगल्याच्या व्हरांड्यात पट मांडलेला होता. साहेबांनी खुर्ची दाखवली. दाजी टेकले, म्हणजे खुर्चीच्या कडेला चिमणी बसावी तसे. साहेबांनी अर्ज खिशातून काढला, पटाशेजारी ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"पोतनीस जी, मुझे हारकर दिखानेवाले बहुत मिले," ते म्हणाले. "आप सच्चा खेलिए. जीत गए तो यहीं दस्तखत कर दूँगा. हार गए, मगर सच्चा हारे, तो भी कर दूँगा. मुझे बस एक सच्ची बाज़ी चाहिए."

ऐकलंत? हरले तरी चाललं असतं. माणसाला यापरता सोपा डाव कुणी देईल का? माझ्या मनात मी त्या अर्जावर सहीसुद्धा करून टाकली.

आणि दाजी खेळले! मी त्यांचे शेकडो डाव पाहिले होते, पण तो माणूस मी पाहिलेलाच नव्हता. खुर्चीच्या कडेवरून ते हळूहळू आत सरकले. पगडी काढून त्यांनी बाजूला ठेवली. हात चटकन जाई, चटकन परत येई. साहेब वाईट खेळत नव्हते, पण पाऊण तासात त्यांचा राजा कोपऱ्यात गेला, पुढं त्याचीच प्यादी उभी, आणि दाजींचा हत्ती मोकळ्या पट्ट्यात. तो शेवटच्या ओळीत ढकलला की खेळ संपत होता. मला दिसलं म्हणजे बघा किती उघड होतं. साहेबांनाही दिसलं. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि, आमच्या दफ्तरात कुणी कधी पाहिलं नव्हतं ते केलं. ते हसले. मनापासून, पोरासारखे. त्यांचा हात पेनाकडे गेला.

मला वाटतं, त्या हसण्यानं घात केला. मोठा माणूस पटापलीकडे बसून हसला की पुढं काय होतं ते दाजींना एकदाच कळलं होतं, शास्त्रीबुवांच्या वेळी.

दाजींनी हत्तीला बोट लावलं. मग बोट उचललं. शेजारचा घोडा घेतला आणि भलत्याच घरात नेऊन ठेवला. तो घोडा हलताच साहेबांच्या उंटाला वाट मिळाली आणि उंटाच्या तोंडी हत्ती सापडला. फार सुंदर चूक होती ती. कुणीही टिपावी अशी, घरी जाऊन सांगावी अशी. आणि दाजींनी लगेच कपाळावर हात मारला.

"हे मला दिसलं नव्हतं हो."

साहेबांना मराठी येत नव्हती. त्याची गरजही नव्हती. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"पोतनीस जी, मैंने आपसे एक ही चीज़ माँगी थी."

ते उठून आत गेले. अर्ज पटाशेजारी होता तसाच राहिला. मी तो उचलला. नकाशे माझ्या काखेत तसेच.

रस्त्यानं दाजी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत चालले होते. धारेश्वराच्या देवळाशी थांबले. "मी नाही हो खेळलो ते," म्हणाले. "हात गेला." दुसऱ्या दिवशी मी आणि बडेबाबू साहेबांना भेटलो, वहिनींच्या दुखण्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, खोटं बोलणाऱ्याचं दुखणंही मी खरं कशावरून मानू? घरी वहिनींनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा दाजी एवढंच म्हणाले, की हरलो. वहिनी उठल्या. मग भांडी पोत्यात भरायला लागल्या.

डॉक्टरांनी सुयांचा डबा बरोबर दिला. टोचायला कुणी होतं नव्हतं देव जाणे.

पुढच्या थंडीत मोजणीच्या कामानं मी उदयनगरला गेलो. चौकीपुढच्या अंगणात, उन्हात, बाजेवर वहिनी होत्या. मी त्यांना ओळखलं ते आवाजावरून. "या भावजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या दाजींना इथं हरवायला माणूस मिळत नाही म्हणून फार हाल चाललेत. इथली माणसं खोटं खेळत नाहीत."

त्या उशीला टेकून बसल्या. पट बाजेवर मांडायला लावला. त्यांनी दाजींना काय सांगितलं ते मी पाणी पिता पिता ऐकलं. आवाज चढलेला नव्हता.

"औषध नाही, डॉक्टर नाही, ते झालं. माझं काही म्हणणं नाही. पण आज खरं खेळा. मला एकदा बघू द्या, कुणाशी संसार केला ते."

दाजी खेळले. या वेळी चटकन नाही. प्रत्येक मोहरं उचलताना डाव्या हातानं उजवं मनगट धरत होते. वहिनी नेटानं लढल्या. त्या चांगलं खेळत, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यांनाही बहुधा त्याच दिवशी. मग एकेक मोहरं जाऊ लागलं. आधी घोडे. मग हत्ती. मग वजीर. दाजींनी काही सोडलं नाही. शेवटी राजा उघडा पडला. दाजींचा हात हत्तीवर थांबला, आणि त्यांनी तो शेवटच्या ओळीत ढकलला.

वहिनी पटाकडे बघत राहिल्या. राजा इकडे जातो का, तिकडे जातो का, बोटानं चाचपून पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की मला तिथं उभं राहवेना.

"अहो," त्या म्हणाल्या, "केवढं येतं तुम्हाला!"

दाजी बाजेच्या दोरात बोटं अडकवून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

होळीच्या आधी वहिनी गेल्या.

मी दाजींना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर तीन-चार वर्षांनी, देवासला, टेकडीच्या पायथ्याशी. नोकरी सोडून ते तिकडंच येऊन राहिले होते. एका शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर पट मांडून बसलेले होते. डोक्याला पगडी नव्हती. समोर एक पेन्शनर पोस्टमास्तर, उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करत खेळत होते. दाजींनी त्यांना पाच मिनिटांत गुंडाळलं. पोस्टमास्तर उठले, टोपी सारखी केली आणि मला ओळख ना देख म्हणाले, "बसू नका. हा माणूस दया करत नाही. लहान पोरालासुद्धा सोडत नाही."

मी बसलो. दाजींनी ओळखलं, मान हलवली. वहिनींचं काही काढलं नाही, मीही नाही. मी फायद्यांचं विचारलं, जुनी गंमत म्हणून. ते म्हणाले, "खेळा." मला दहा चाली मिळाल्या असतील. माझा वजीर त्यांनी मारला तो शेंगेतला दाणा काढावा तसा. माझ्या अंगात अजून थोडी हौस होती, म्हणून मी म्हणालो, "वा, दाजी!"

दाजींनी मोहरी गोळा केली. पट झटकला. पहिल्यांदा स्वतःची मोहरी मांडली, मग माझ्या बाजूची. आणि रस्त्याकडे न बघताच म्हणाले, "पुढचा."

ओट्यापाशी माझ्यामागं कुणी नव्हतं.